त्रुटिसंदेशाचे वाचन : पीएचपी व मायएसक्यूएल यांच्या संदर्भात

कोशरचनेसाठी डेटाबेसचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाला कधी ना कधी असा अनुभव येतो की, भरलेला शब्द संग्रहात आढळत नाही आणि तो का गेला याचा उलगडाही होत नाही. वस्तुतः डेटाबेसने कारण सांगितलेले असते; आपण ते विचारून घेतलेले नसते. पीएचपी या भाषेत ते कसे विचारावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

समजा, कोशाच्या टेबलात एक शब्द एकदाच यावा असे बंधन घातले आहे. ‘कर’ म्हणजे हात, ही नोंद झाली. पुढे ‘कर’ म्हणजे सरकारी देणे, ही नोंद भरू जाता मायएसक्यूएल ती नाकारते. अशा वेळी पीडीओच्या ‘एररइन्फो’ या फंक्शनकडून तीन घटकांचे उत्तर मिळते. पहिला घटक म्हणजे प्रमाणित संकेत २३०००. त्यावरून बंधनाचा भंग झाला एवढेच कळते. दुसरा मायएसक्यूएलचा स्वतःचा क्रमांक १०६२. तो नोंदीची द्विरुक्ती दर्शवितो. तिसरा घटक म्हणजे कोणते मूल्य कोठे अडले हे सांगणारे वाक्य.

प्रश्न कोणाला विचारावयाचा, हेही महत्त्वाचे आहे. आदेश ‘प्रिपेअर’ करून चालविला असल्यास त्या स्टेटमेंटलाच विचारले पाहिजे. मूळ जोडणीला त्या त्रुटीची वार्ता नसते. २०२० साली आलेल्या पीएचपी ८.० पूर्वी पीडीओ मुळात मौन पाळीत असे व केवळ नकारार्थी मूल्य परत करी. त्या आवृत्तीपासून ते आपण होऊन ‘एक्सेप्शन’ उपस्थित करते आणि हेच तीन घटक त्यातही सापडतात.

प्रोग्रामने निर्णय घ्यावयाचा तो क्रमांकावरून, वाक्यावरून नव्हे. कारण संदेशाची भाषा सर्व्हरवर बदलता येते, क्रमांक मात्र तोच राहतो. वाक्य लॉगमध्ये नोंदवावे; टेबलांची नावे उघड करणारा तो मजकूर कोश चाळणाऱ्याच्या पडद्यावर येऊ देऊ नये.

वरील उदाहरणात नोंद भरणाऱ्याचा काहीच प्रमाद नाही. एका रूपाला एकच अर्थ असतो, हे आपले गृहीतच सदोष होते. छापील कोशांप्रमाणे समरूप शब्दांना अनुक्रमांक देऊन शब्द व अनुक्रमांक यांच्या जोडीवर बंधन घातले, म्हणजे दोन्ही ‘कर’ सुखाने नांदतात. १०६२ हा क्रमांक वाचलाच नसता, तर दुसरा ‘कर’ कोशातून निमूटपणे नाहीसा झाला असता.