पुडी, खर्रा आणि शाळकरी वय: गैरसमज व वस्तुस्थिती

वाशिम जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या विदर्भात, तंबाखू ओढण्यापेक्षा खाल्ली जास्त जाते. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, ओढणारे 3.8 टक्केच होते. मुले घरातल्या मोठ्यांचे पाहूनच शिकतात, त्यामुळे शाळकरी वयातले गैरसमजही खर्रा आणि पुडीभोवतीचेच असतात.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा त्यातला सर्वांत पसरलेला समज. पानठेल्यावर कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून खर्रा तयार होतो. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटीन मोकळे होते आणि तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. तंबाखूत कर्करोगकारक नायट्रोसामाइन असतात आणि हा ऐवज गालात बराच वेळ धरून ठेवला जातो. जिथे गोळी ठेवायची सवय, तिथेच बहुधा चट्टा किंवा जखम दिसू लागते.

‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हा समज अधिक घातक, कारण सुपारी मुलांच्या हाती घरातूनच बिनदिक्कत दिली जाते. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच प्रसिद्ध केला. सुपारीने गालाचे मऊ अस्तर पांढुरके आणि ताठ होत जाते. सुरुवातीला फक्त तिखट झोंबते. ठेचा-भाकरीचा घास नकोसा होतो. मग तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात गेली नाहीत, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. सवय सुटली तरी आकसलेले तोंड सहसा पूर्ववत होत नाही आणि काहींना पुढे कर्करोग होतो. हा आजार ऐन तारुण्यातही गाठतो, म्हणून ‘कॅन्सर म्हातारपणी होतो’ हेही खरे नाही.

तंबाखूने दातदुखी थांबते, पोट साफ होते, असेही सांगितले जाते. दातातली कीड तशीच राहते, हिरड्या मात्र खराब होतात. आणि पोटाला निकोटीनची सवय लागली की त्याशिवाय चालेनासे होते.

‘मनात आले की सोडू’ हे पंधराव्या वर्षी अगदी मनापासून म्हटले जाते. पण मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, आणि वाढत्या मेंदूत निकोटीनची ओढ लवकर रुजते. 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी दहा वर्षांचे होण्याआधीच सुरुवात केल्याचे आढळले.

वडिलांसाठी पुडी आणायला पोराला पाठवण्यात अनेकांना गैर वाटत नाही. मात्र 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत ती विकणे, दोन्ही बंद आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गुटख्यावर तर राज्यात 2012 पासूनच बंदी आहे.

सवय लागलेल्या मुलाला मार नको, मदत हवी. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर सवय सोडण्यासाठी विनामूल्य समुपदेशन मिळते.