पुढच्या रविवारी तोंड दाखवायचंय

मावशींनी पोत्याची सुतळी सोडली, ओंजळभर तांदूळ सुपात घेतला आणि सूप माझ्यापुढे धरलं. "आधी वास घ्या. भावाचं मग बोलू."

मुळशीचा आंबेमोहोर. दाणा आखूड, हातसडीचा, अंगावर कोंड्याचा फिकट तांबूस थर राहिलेला. कच्च्या तांदळाचा वास सहज येत नाही. तळहातावर चार दाणे चोळून हात नाकाशी न्यावा लागतो, मग कुठे आंब्याच्या मोहोराची हलकी चाहूल लागते. मावशी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. वास लागला हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं, कारण मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवी उघडली होती.

पुण्यातल्या एका मैदानावर दर रविवारी सकाळी सातला हा बाजार भरतो. तीस-पस्तीस टेबलं, त्यांवर कापडी छत, मागे उभे टेम्पो. साडेदहापर्यंत पालेभाजी संपते, बारापर्यंत सगळं आवरतं. चार वर्षं मी इथे नेमाने येते. सुरुवातीला भाजीसाठी यायचे. पुढे एका प्रश्नाने मला धरून ठेवलं: समोरच्या जुडीवर औषध मारलेलं नाही, हे मला कोण सांगणार, आणि त्याचं मी का ऐकावं? सेंद्रिय मेथी आणि मंडईतली मेथी शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणजे इथे भाजीबरोबर आणखी एक गोष्ट विकली जाते, ती म्हणजे खात्री. ती पिकते कशी, याचा शोध घ्यायचं ठरवलं आणि वही घेऊन टेबलांमागे बसू लागले.

तांदळापासूनच सांगते. भात संशोधनाचं काम चालणाऱ्या वडगाव मावळातून १९८७ साली इंद्रायणी हा वाण आला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा हा संकर. उतारा चांगला, वासही थोडा राखलेला, त्यामुळे मावळ-मुळशीच्या खाचरांतून मूळ आंबेमोहोर मागे सरकत गेला. आंबेमोहोराची रोपं उंच वाढतात. युरिया दिला की अंगापेक्षा जास्त जोम धरतात आणि ओंबी भरायच्या वेळी लोळतात. मावशींचं म्हणणं असं: "ह्याला खत मानवतच न्हाई. शेणखत, पालापाचोळा, एवढ्यावरच उभा ऱ्हातो." विषमुक्त शेतीचा विचार ऐकून त्यांनी काही बदललं, असं घडलेलंच नाही. त्यांनी वाण सोडला नाही आणि वाणानेच खताला नकार दिला. २०१६ साली मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात आंबेमोहोर म्हणून परप्रांतातली बारीक जात सर्रास खपते. मानांकनाचा कागद मावशींच्या टेबलावर नाही. तिथे फक्त सूप आहे.

कागदाची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सेंद्रिय मालाच्या प्रमाणपत्राच्या आपल्याकडे मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची. ती २००१ पासून चालू आहे आणि निर्यात डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. त्यात बाहेरची संस्था येऊन शेत तपासते, नोंदी बघते, फी घेते. हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागांना तीन वर्षं संक्रमणाचा काळ काढावा लागतो. या काळात रसायन बंद, उत्पादन घटलेलं, आणि मालाला सेंद्रियचा भावही नाही. दीड एकरवाल्याला ही वाट परवडत नाही.

दुसरी वाट सहभागी हमीची. आसपासचे किमान पाच शेतकरी गट करतात, एकमेकांच्या रानात जातात, एकमेकांची तपासणी करून सही करतात. इथे शेजाऱ्याच्या सहीला किंमत आहे, आणि ज्याने गावात राहून बघितलंय त्याला ते पटेल, कारण कुणी रात्री पंप पाठीला लावला तर शेजाऱ्याला वासावरून कळतं. याशिवाय २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनी छोट्या शेतकऱ्याला आणखी एक मोकळीक ठेवली: स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकला तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणजे कायद्यानेच मान्य केलं की काही व्यवहार समोरासमोरच्या शब्दावर चालू शकतात.

त्या शब्दाला बळ कुठून येतं, हे मला एका फसवणुकीतून कळलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका टेबलावर मी फ्लॉवर, वाटाणा आणि गाजर बघितलं. गड्डे पांढरेशुभ्र, गाजरं एका मापाची. मी आनंदाने घेतलं, दोन रविवार घेतलं. तिसऱ्या रविवारी शेजारच्या भाजीवाल्या दादांनी हळूच विचारलं, "ताई, मे महिन्यात पुण्यात वाटाणा कुणाच्या रानात येतो?" मला उत्तर देता येईना. आयुष्यभर भाजी निवडली, पण कुठली भाजी कुठल्या महिन्याची हे मी विसरून गेले होते. पुढे बाजाराच्या गटाने त्या विक्रेत्याकडे शिवारफेरी ठरवली. त्याने तारीख दोनदा पुढे ढकलली आणि नंतर तो आलाच नाही. माल मंडईतून उचललेला होता, हे नंतर उघड झालं. त्याला पकडलं शेजारच्या टेबलाने, तेही कुठल्याच उपकरणाशिवाय. तेव्हापासून मी आधी टेबलावर काय नाही ते बघते. ज्याच्याकडे बारा महिने सगळं मिळतं, त्याला गावाचं नाव आणि रान बघायची वेळ विचारावी. खरा शेतकरी बहुतेक वेळा लगेच बोलावतो.

आषाढ-श्रावणात तर बाजाराचा नूरच बदलतो. मैदानाच्या कडेला, टेबल न लावता, ठाकर आणि कातकरी बायका केळीच्या पानांवर रानभाज्या मांडून बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कर्टुली. पहिल्या पावसाबरोबर शेवळं येतात, जांभळट तपकिरी, कोंब फुटल्यासारखी. शेवळं घेताना त्या बायका सोबत काकडं देतात, हिरव्या छोट्या आंबट फळांचा वाटा. कारण शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, काकडांच्या आंबटपणाने ती खाज मरते. एकदा मी नको म्हटलं तर आजींनी पैसे परत माझ्या हातात ठेवले. "काकडं न्हाई तर शेवळं न्हाई. घसा धरला तर मलाच शिव्या देशील." या भाज्या कुणी पेरल्या नाहीत, त्यांना खत नाही, औषध नाही. बाजारात यांच्याइतकं निर्भेळ काही नसेल. तरी गिऱ्हाईक भाव पाडतं ते त्यांच्याकडेच, छताखालच्या टेबलावर कुणी पाच रुपये कमी करा म्हणत नाही. ही गोष्ट मला दर वेळी लागते.

गुळाच्या टेबलावर मी सगळ्यांत जास्त वेळ काढते. हा दादा पन्हाळ्याकडचा, महिन्यातून दोनदा येतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला गूळ पिवळाधमक लागतो, आणि तो रंग नेहमी उसातून येत नाही. काहिलीत रस उकळू लागला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. मळी फेसाबरोबर वर येते, ती गुळव्या झाऱ्याने काढत राहतो. काम कष्टाचं आणि नजरेचं. त्याला फाटा देऊन हायड्रॉस पावडर टाकली की पाक झटकन उजळतो. गंमत अशी की हा उजाळा टिकत नाही, ढेप ठेवली की काही दिवसांत काळवंडू लागते.

मी म्हटलं, "म्हणजे काळा गूळ तो खरा?" त्याने मान हलवली. "तसं न्हाई ताई. पाक करपला तरी काळाच होतो. चोपणातल्या उसाचा गूळ खारट लागतो, रंगबी वेगळा. रंगावर जाऊ नका." त्याने ढेपेची कड सुरीने फोडली आणि खडा माझ्या हातात दिला. आत कण दिसत होते, रवाळ, लालसर तपकिरी. जिभेवर ठेवला तर आधी गोड, मग शेवटी उसाच्या धुराचा किंचित वास. चुलवाणाला चिपाडं जाळतात त्याचा तो वास. "आता काळा गूळ म्हणून जळका गूळ विकणारेबी निघालेत," तो म्हणाला. म्हणजे पिवळ्याची नक्कल होती तशी आता काळ्याचीही आहे. शेवटी पुन्हा माणसावरच येऊन थांबावं लागतं.

हातसडीचा तांदूळ आणि गूळ ही जोडी महाराष्ट्रात याआधीही एकदा आग्रहाने मांडली गेली होती. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याची धुरा जे. सी. कुमारप्पांनी सांभाळली आणि काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललं. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ, हातकागद. १९३८ साली तिथेच मगन संग्रहालय उभं राहिलं, ते आजही आहे. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळाचं सत्त्व कोंड्याबरोबर जातं आणि गावचा रोजगारही त्याबरोबर जातो, हे तेव्हा सांगितलं गेलं. आजच्या या बाजारात पहिलं वाक्य पुष्कळ ऐकू येतं. दुसरं फार कमी.

माझं गाऱ्हाणं नेमकं इथे आहे. सेंद्रियची चर्चा आपण खाणाऱ्याच्या तब्येतीपाशी संपवतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथे कुणाच्या ताटातल्या भाजीचा प्रश्न नव्हता. पंप ज्याच्या पाठीवर होता त्याचा जीव गेला. शेजारच्या टेबलावरचे भाजीवाले दादा, ज्यांनी मला वाटाण्याचं विचारलं, ते सेंद्रियकडे वळले ते याच भीतीने. त्यांच्या भावाला फवारून आल्यावर एकदा चक्कर आली, रात्रभर उलट्या झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. "माल विकायला मागनं शिकलो. आधी घरातला पंप विकला."

आता ते जीवामृत वापरतात. ही पद्धत विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी गावोगाव पोचवली, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. जीवामृताने सगळं साधतं असं दादा म्हणत नाहीत. पहिली दोन वर्षं वांग्याला शेंडेअळीने अर्धं खाल्लं, हे ते मोकळेपणाने सांगतात. आजही त्यांच्या ढिगात किडकं वांगं निघतं, ते स्वतः बाजूला काढतात आणि बदल्यात दुसरं टाकतात. गुळवाला दादा ढेपांचा चुरा, जो गिऱ्हाईक घेत नाही, तो त्यांना देतो. परतीच्या टेम्पोत त्याच्या पिशवीत वांगी आणि मेथी असते. या व्यवहारात काटा कधी लागलेला मी पाहिला नाही.

मंडईचा अनुभव या सगळ्यांच्या बोलण्यात येतो. हमाली, तोलाई, अडत आणि शेवटी हातात पडणारी पट्टी. भाव कोसळला की कधी उलट पट्टी: माल विकून वर शेतकऱ्याकडेच पैसे निघतात. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना आली. नाव अगदी शोभणारं आहे. माढा तालुक्यातल्या अरणच्या या संताने आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. त्या बाजारांत माल सेंद्रियच असेल असं नाही, पण विकणारा शेतकरी समोर उभा असतो. माझ्या मते पहिली पायरी तीच.

पुण्याला हे नवीन नाही. सोमवार ते रविवार, वारांच्या नावांच्या पेठा अजून इथल्या पत्त्यात आहेत, त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांवरून ती नावं पडली असं मानतात. आठवडे बाजारात फसवणूक पूर्वीही होत असणार. तरी फसवणाऱ्याला आठ दिवसांनी त्याच जागी, त्याच माणसांसमोर बसावं लागायचं. मी एकदा मावशींना विचारलं होतं, तुमच्या तांदळाची खात्री काय? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी तोंड दाखवायचंय मला हितं." चार वर्षांत मला याहून पक्कं उत्तर कुणी दिलेलं नाही. सुपरमार्केटच्या फळीवरच्या हिरव्या चिन्हाच्या पाकिटामागे असा कुणी नसतो. तिथे तक्रार एखाद्या क्रमांकावर जाते.

हा बाजार अजून बऱ्या कमाईच्या घरांचाच आहे, हेही सांगायला हवं. मैदान झाडणाऱ्या मावशी इथे भाजी घेत नाहीत, घेऊ शकत नाहीत. बारानंतर उरलेली भाजी काही शेतकरी त्यांना देतात, पण देणं आणि विकत घेता येणं यांत अंतर आहे. आणि ते शेतकऱ्याने भाव पाडून मिटवावं, असं म्हणायचा मला अधिकार नाही, कारण त्याच्या भावात दोन वर्षांच्या तोट्याची वसुली आहे.

गेल्या रविवारी मावशींच्या टेबलावर पुठ्ठा टांगलेला होता. खडूने लिहिलेलं: भातकापणी, तीन रविवार येणार नाही. खाली त्यांची नात वही घेऊन नावं लिहीत होती. नवा तांदूळ दिवाळीनंतर निघेल, पण नवा चिकट होतो, भाताचा गोळा होतो. ज्याला मोकळा भात हवा त्याने थांबावं, पोतं सहा महिने मुरू द्यावं. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ते माळ्यावर ठेवतात, तरी एखादा सोंडा निघतोच, हे त्या आधीच सांगून टाकतात. माझ्या पुढच्या काकूंनी पाच किलो नवा सांगितला, पैसे आगाऊ दिले आणि पावती न मागता गेल्या.

नातीने माझ्याकडे बघितलं. "काकू, नाव?"

मी सांगितलं.

"नवा का जुना?"

"जुना. दहा किलो."

"जून उजाडंल," मावशी मागून म्हणाल्या, आणि पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं.