लाडक्या बहिणीचे पैसे नेमके कोणत्या खात्यात जातात?

खुरपणी, कापूस वेचणी, बांधकामावरची मजुरी, शिलाई, असं काही ना काही काम आपण रोज करतो. तरी महिनाअखेरीला हातात फारसं उरत नाही. अशा कमी मिळकतीच्या घरांतल्या बायांसाठी महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू केली. घराचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे १८,००० मिळतात, असं योजनेत ठरलं.

एवढं बहुतेकींना ठाऊक आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते त्यापुढच्या अडचणीवर. अर्ज मंजूर झाला, शेजारणीला पैसे आले, पण आपल्या पासबुकात नोंदच नाही. मग बाई समजते, आपलं नाव कापलं. दरवेळी तसं नसतं. पुष्कळदा पैसे आलेले असतात, पण दुसऱ्याच खात्यात.

असं का होतं? शासन हे पैसे आधार क्रमांकावर पाठवतं. त्या आधारला कोणती बँक जोडलेली आहे, याची एक नोंद नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे असते. त्या नोंदीत एका आधारपुढे एकाच वेळी एकच बँक असते. शेवटी जी जोडली, ती. समजा, तुम्ही अर्जात गावच्या बँकेचं खातं लिहिलं, पण नंतर दुसरीकडे खातं उघडताना तिथे आधार जोडला गेला. तर पैसे त्या दुसऱ्या खात्यात जातात. जुनं जनधन खातं, गटाच्या कर्जासाठी काढलेलं खातं, नवऱ्यासोबतचं संयुक्त खातं, यांतलं कोणतंही ते असू शकतं.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, म्हणजे केवायसी झाली. पैसे येण्यासाठी आधार 'डीबीटी'साठी जोडावा लागतो, त्याला आधार सीडिंग म्हणतात. त्याचा संमतीचा फॉर्म वेगळा असतो. सप्टेंबर २०२५ पासून या योजनेत आलेली ई-केवायसी ही आणखी तिसरी गोष्ट. ती केली म्हणून खातं जोडलं जात नाही.

मग करायचं काय? यूआयडीएआयच्या 'माय आधार' या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहायचं. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तिथे बँकेचं नाव दिसतं. त्या बँकेत पासबुक भरून घ्या, अडकलेले हप्ते तिथेच सापडतील. खातं बदलायचं असेल, तर हव्या त्या बँकेत जाऊन सांगा, "माझा आधार डीबीटीसाठी या खात्याला जोडा." फॉर्म भरा, पोच घ्या. शक्यतो खातं एकटीच्या नावाचं ठेवा. १,५०० रुपये कशाला वापरायचे, हे मग आपण ठरवू शकतो.

आणखी एक. १,५०० ऐवजी ५०० आले, तर ती चूक असेलच असं नाही. जिला स्वतःच्या नावावर पीएम किसान आणि नमो शेतकरी दोन्हींचे मिळून महिन्याला १,००० पडतात, तिला इथे फरकाचे ५०० देण्याचा नियम आहे.

बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढत असाल, तर पावती मागा. पावतीवरची रक्कम आणि हातातली रक्कम जुळते का, ते तिथेच मोजा. ओटीपी मात्र फोनवर कुणालाही सांगू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल आणावा. गटातली शिकलेली मुलगी मदतीला घ्या. एका बैठकीत सगळ्यांची सीडिंगची बँक कळेल, आणि जिचे पैसे अडकले असतील तिच्यासोबत दोघीजणी बँकेत जाता येईल.