१८ वर्षांनंतर सही कोणाची?

पलूसच्या बाजारपेठेतील पेढ्यांवर हिशेब चोख असतात. घरातील बौद्धिक अक्षम मुलाच्या भवितव्याचा व्यवहार मात्र बहुधा तोंडीच राहतो. ‘भाऊ सांभाळतील’, एवढ्यावर वडील निश्चिंत असतात. परंतु मूल १८ वर्षांचे होताच कायद्याने सज्ञान ठरते आणि पालक म्हणून सही करण्याचा आई-वडिलांचा अधिकार संपतो. ठेव असो वा दुकानातील हिस्सा, व्यवहार अडतो.

यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी असतात. पलूसकरांना सांगली गाठावी लागते. नेमणुकीपासून ६ महिन्यांत पालकाने मालमत्ता, येणी व देणी यांची यादी द्यायची आणि प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब. भावाकडे हिशेब मागणे जिवावर येते. येथे तो कायदाच मागतो.

मानसिक आजार याहून निराळा. तो कोणत्याही वयात येऊ शकतो आणि उपचारांनी अनेकांना उतार पडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही वा अंगठा करून आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. विमा कंपन्यांनीही शारीरिक आजारांप्रमाणेच या आजारांना संरक्षण द्यायचे आहे. तरीही सोयरिकीच्या धास्तीने औषधे लपविली जातात. अशा घरांना ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य सल्ला मिळतो.