बुलसारा ते मर्क्युरी : एका स्थलांतरित गायकाचा प्रवास

लंडनच्या पश्चिमेस, हीथ्रो विमानतळानजीकच्या फेल्थम या उपनगरातील ग्लॅडस्टोन अव्हेन्यू येथील एका साध्या घराच्या भिंतीवर १ सप्टेंबर २०१६ रोजी निळा स्मृतिफलक बसविण्यात आला. इंग्लंडमधील ऐतिहासिक वास्तूंची देखभाल करणारी ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था नामवंत व्यक्तींच्या जुन्या निवासस्थानांवर असे फलक लावते. या फलकावर ‘फ्रेडी मर्क्युरी’ या नावाखाली कंसात ‘फ्रेड बुलसारा’ असे लिहिले आहे. जन्माच्या वेळी मिळालेले ‘फारोख’ हे नाव मात्र तेथे नाही. झांझिबारमध्ये जन्मलेला, महाराष्ट्रातील पाचगणी येथे शिकलेला आणि निर्वासित कुटुंबासह इंग्लंडमध्ये पोहोचलेला एक पारशी मुलगा ब्रिटिश रॉक संगीताचा सर्वांत ओळखीचा चेहरा बनला. तो प्रवास कोणत्या परिस्थितीत घडला आणि त्यात काय मागे राहिले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या गाण्यांबरोबरच त्या काळातील राजकारण आणि कायदे यांच्याकडेही पाहावे लागते.

झांझिबार आणि पाचगणी

फारोख बुलसारा यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर, स्टोन टाउन येथे झाला. हे बेट त्या वेळी ब्रिटिश संरक्षणाखाली होते आणि तेथे अरब सुलतानाची राजवट होती. वडील बोमी बुलसारा ब्रिटिश प्रशासनाच्या सेवेत रोखपाल होते. आई जेर आणि धाकटी बहीण कश्मीरा असे हे कुटुंब मूळचे गुजरातमधील. त्यांचे आडनाव बुलसार, म्हणजे आजच्या वलसाड, या गावावरून आलेले आहे. झरथुष्ट्राचा धर्म आणि गुजराती भाषा या दोन्ही गोष्टी कुटुंबाने समुद्रापलीकडेही जपल्या होत्या. लवंगेच्या व्यापारामुळे भरभराटीस आलेल्या या बेटावर भारतीय वंशाचे व्यापारी आणि सरकारी नोकर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते.

वयाच्या आठव्या वर्षी फारोख यांना शिक्षणासाठी भारतात पाठविण्यात आले. सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण ब्रिटिश काळापासून निवासी शाळांसाठी प्रसिद्ध होते. तेथील सेंट पीटर्स शाळेत त्यांनी १९५५ मध्ये प्रवेश घेतला. आईवडील समुद्रापलीकडे असल्याने अनेक सुट्ट्या भारतातील नातेवाइकांकडेच जात. याच शाळेत मित्र आणि शिक्षक त्यांना ‘फ्रेडी’ म्हणू लागले आणि पुढे घरातही तेच नाव रुळले.

त्यांच्या संगीताचा पाया पाचगणीत घातला गेला. ते पियानो शिकले, शाळेच्या गायनवृंदात गायले आणि १९५८ च्या सुमारास चार वर्गमित्रांसह त्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद स्थापन केला. परदेशी रॉक अँड रोल गाणी ऐकून ती शाळेच्या कार्यक्रमांत वाजविणे, हा या मुलांचा उद्योग होता. पुढे हजारोंच्या समुदायाला एका इशाऱ्यावर गायला लावणारा हा कलावंत या वाद्यवृंदात मात्र प्रमुख गायक नव्हता. त्यांच्याकडे पियानो होता.

क्रांती आणि स्थलांतर

फ्रेडी १९६३ मध्ये झांझिबारला परतले. त्याच वर्षी १० डिसेंबरला बेट स्वतंत्र झाले; परंतु स्वातंत्र्यानंतर अवघ्या महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, सशस्त्र उठावाने सुलतानाची राजवट उलथवून टाकली. बहुसंख्य आफ्रिकी समाजाच्या मनात साचलेला असंतोष प्रामुख्याने अरबांवर आणि काही प्रमाणात भारतीय वंशाच्या रहिवाशांवर कोसळला. मोठ्या प्रमाणावर हत्या आणि लूट झाली. त्यानंतरच्या काही महिन्यांत अनेक कुटुंबांनी बेट सोडले. बुलसारा कुटुंबही जे सोबत नेता आले ते घेऊन इंग्लंडला निघाले. फ्रेडी त्या वेळी १७ वर्षांचे होते.

त्या वेळी हे कुटुंब इंग्लंडमध्ये येऊ शकले, यामागे एक कायदेशीर कारण होते. राष्ट्रकुल देशांतून येणाऱ्यांवर ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने निर्बंध घातले होते. मात्र ब्रिटिश सरकारने दिलेले पारपत्र ज्यांच्याकडे होते, त्यांना त्यातून सूट होती. बुलसारा कुटुंबाकडे असे पारपत्र होते. पुढे केनियातील आशियाई मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये येऊ लागल्यावर १९६८ मध्ये कायदा अधिक कडक करण्यात आला. केवळ ब्रिटिश पारपत्र असणे आता पुरेसे राहिले नाही. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा तरी ब्रिटनशी जन्माने अथवा नागरिकत्वाने संबंध असणे आवश्यक ठरले. पूर्व आफ्रिकेतील बहुतेक भारतीय ही अट पूर्ण करू शकत नव्हते. म्हणजेच बुलसारा कुटुंब चार वर्षे उशिरा निघाले असते, तर हा मार्ग त्यांच्यासाठी जवळपास बंद झालेला असता.

त्याच वर्षी २० एप्रिलला हुजूर पक्षाचे नेते इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे स्थलांतरितांविरुद्ध केलेल्या जळजळीत भाषणाने देश ढवळून निघाला. घर किंवा नोकरी देताना वंशाच्या आधारावर भेदभाव करण्यास १९६८ च्या अखेरीस कायद्याने बंदी आली. तोपर्यंत गौरेतरांना घर नाकारणे हा गुन्हा नव्हता. फ्रेडी यांचे विद्यार्थिजीवन याच वर्षांत गेले.

नावामागचे मौन

इंग्लंडमध्ये बुलसारा कुटुंबाने आपला संसार नव्याने उभारला. एकेकाळी घरात नोकरचाकर असलेल्या या कुटुंबातील आईवडिलांनी साध्या नोकऱ्या पत्करल्या. फ्रेडी यांनी आधी आयल्वर्थ येथील तंत्रनिकेतनात आणि नंतर ईलिंग कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. ग्राफिक कला आणि रचना या विषयांतील पदविका त्यांनी १९६९ मध्ये मिळविली. मधल्या काळात त्यांनी हीथ्रो विमानतळावर सामान चढविण्या-उतरविण्याचे काम केले, तर पुढे केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांची विक्री केली.

१९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह त्यांनी नवा वाद्यवृंद उभा केला. त्याचे ‘क्वीन’ हे नाव फ्रेडी यांनीच सुचविले आणि बोधचिन्हही त्यांनीच रेखाटले. त्याच सुमारास त्यांनी ‘मर्क्युरी’ हे आडनाव स्वीकारले. बास गिटारवादक जॉन डीकन १९७१ मध्ये सामील झाल्यावर चौघांचा हा संच पूर्ण झाला.

मनोरंजनाच्या क्षेत्रात नाव बदलणे ही नवी गोष्ट नव्हती. लखनौ येथे जन्मलेले हॅरी वेब हे क्लिफ रिचर्ड या नावाने, तर मद्रास येथे जन्मलेले अरनॉल्ड डॉर्सी हे एंगलबर्ट हंपरडिंक या नावाने त्याआधीच ब्रिटनमध्ये लोकप्रिय झाले होते. परंतु या दोघांकडे इंग्रजी प्रेक्षक आपल्यातलेच म्हणून पाहत होते. फारोख बुलसारा या नावाच्या तरुणाने रॉक वाद्यवृंदाचे नेतृत्व करावे, ही कल्पना तत्कालीन ब्रिटनमध्ये सहज स्वीकारली गेली असती, असे मानणे कठीण आहे.

फ्रेडी यांनी आपला जन्म आणि शिक्षण कोठे झाले हे नाकारले नाही. मात्र मुलाखतींत त्याचा उल्लेख ते क्वचितच करीत. भारतात त्यांनी कधीही जाहीर कार्यक्रम केला नाही आणि झांझिबारमध्येही नाही. या मौनाबद्दल काहींनी त्यांना दोष दिला आहे. तथापि आपल्या वैयक्तिक नात्यांविषयीही त्यांनी असेच मौन पाळले. समलिंगी संबंधांवरील बंदी इंग्लंडमध्ये १९६७ मध्ये अंशतः उठली होती, तरी समाजाची दृष्टी बदलली नव्हती. वंश आणि लैंगिकता या दोन्ही बाबतींत उघड बोलण्याची किंमत मोठी होती. रंगमंचावर स्वतःला पूर्णपणे उधळून देणारा हा कलावंत रंगमंचाबाहेर संकोची होता, असे त्यांना जवळून ओळखणारे सांगत आले आहेत.

संगीतातील मुक्त संचार

‘क्वीन’चा पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. पुढील वर्षी ‘किलर क्वीन’ या गाण्याने वाद्यवृंदाला मोठे यश दिले आणि ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ प्रकाशित झाले. सुमारे सहा मिनिटांच्या या गाण्याला नेहमीसारखे ध्रुवपद नाही. संथ गीत, ऑपेरा आणि कठोर रॉक असे तीन वेगवेगळे प्रकार त्यात एकामागोमाग येतात. एवढे लांब गाणे नभोवाणीवर वाजविले जाणार नाही, अशी अनेकांची खात्री होती. निवेदक केनी एव्हरेट यांनी ते लंडनच्या कॅपिटल रेडिओवर वारंवार वाजविले आणि श्रोत्यांनी ते उचलून धरले. ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत ते सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

एकाच परंपरेत न वाढल्यामुळे फ्रेडी यांना कोणत्याही परंपरेचे बंधन वाटत नसावे, असे त्यांची गाणी ऐकताना जाणवते. संगीतिका, जुन्या धाटणीची नाट्यगृहातील गाणी, गॉस्पेल, डिस्को अशा अनेक शैलींत त्यांनी रचना केल्या. १९७८ मधील ‘मुस्तफा’ या गाण्याची सुरावट तर थेट अरबी वळणाची आहे. ‘क्वीन’च्या १९८१ मधील ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या संग्रहातील १७ पैकी १० गाणी त्यांनी लिहिलेली आहेत. हा संग्रह ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. स्पॅनिश ऑपेरा गायिका मोंसेरात काबाये यांच्यासमवेत १९८८ मध्ये आलेला ‘बार्सिलोना’ हा अल्बम याच मुक्त संचाराचे फळ होता.

लंडनच्या वेम्बली मैदानावर १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात ‘क्वीन’ने सुमारे २० मिनिटे सादरीकरण केले. मैदानातील सुमारे ७२ हजार श्रोत्यांना एकट्याच्या आवाजाने बांधून ठेवणारे फ्रेडी त्या दिवशी जगभरातील दूरचित्रवाणीवर दिसले. रॉकमधील सर्वोत्तम प्रत्यक्ष सादरीकरणांत त्याची आजही गणना होते.

या कारकिर्दीला एक काळी बाजूही आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांनी पुकारलेला सांस्कृतिक बहिष्कार डावलून ‘क्वीन’ने ऑक्टोबर १९८४ मध्ये सन सिटी येथे कार्यक्रम केले. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत वाद्यवृंदाचे नाव आले. आपण राजकारणापासून दूर आहोत, हा वाद्यवृंदाचा खुलासा अनेकांना पटला नाही. वंशभेदाच्या सावलीत वाढलेल्या कलावंताकडून झालेली ही कृती म्हणूनच अधिक खटकणारी ठरली.

अखेर आणि उशिरा आलेली आपुलकी

फ्रेडी यांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे १९८७ मध्ये निदान झाले. प्रसारमाध्यमांचा ससेमिरा चुकवीत त्यांनी अखेरपर्यंत ध्वनिमुद्रण सुरू ठेवले. आपल्याला एड्स झाल्याचे त्यांनी २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदनाद्वारे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनमधील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. ज्या धर्माविषयी ते जाहीरपणे फारसे बोलले नव्हते, त्याच धर्माच्या पुरोहितांनी त्यांच्या अंत्यविधीच्या प्रार्थना म्हटल्या. त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेला ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ एड्सविरोधी कार्याला जगभर साह्य करतो.

निधनानंतर त्यांच्यावर हक्क सांगणाऱ्या प्रत्येक ठिकाणी काही ना काही अडचण आली. त्यांच्या पुतळ्यासाठी लंडनमध्ये जागा मिळाली नाही. अखेर १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथे, सरोवराच्या काठी तो उभा राहिला. अनावरणाच्या वेळी वडील बोमी उपस्थित होते. झांझिबारमध्ये २००६ मध्ये त्यांच्या ६० व्या जयंतीनिमित्त आखलेला सोहळा धार्मिक गटाच्या विरोधामुळे रद्द करावा लागला, तर २०१९ मध्ये त्याच स्टोन टाउनमध्ये त्यांच्यावरील संग्रहालय सुरू झाले. पर्यटक तेथे आवर्जून जातात. समलिंगी संबंध मात्र त्या बेटावर आजही गुन्हा आहेत. भारतातील नव्या पिढीला पाचगणीचा हा विद्यार्थी मुख्यतः २०१८ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटामुळे ठाऊक झाला. त्यात फ्रेडी यांची भूमिका करून ऑस्कर मिळविणारे रामी मलिक हे स्वतः इजिप्तमधून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या आईवडिलांचे पुत्र आहेत.

फ्रेडी मर्क्युरी यांना ब्रिटिश, भारतीय, पारशी किंवा आफ्रिकी यांपैकी एकाच चौकटीत बसविण्याचा प्रयत्न आजही होतो. प्रत्यक्षात या सर्वांनी त्यांना घडविले. गुजरातमधून झांझिबारला गेलेल्या वडिलांची नोकरी, पाचगणीतील पियानोचे धडे, एका क्रांतीने हिरावलेले घर आणि १९६४ मध्ये अद्याप उघडे असलेले ब्रिटनचे दार यांपैकी एक जरी गोष्ट वेगळी घडली असती, तरी हा आवाज कदाचित जगापर्यंत पोहोचला नसता. स्थलांतरितांना प्रवेश द्यावा की नाही, यावर ब्रिटनसह अनेक देशांत आज पुन्हा तीव्र वाद सुरू असताना फेल्थममधील त्या घरावरचा निळा फलक याच गोष्टीची नोंद देतो : १९६४ मध्ये तेथे राहायला आलेल्या निर्वासित कुटुंबातील १७ वर्षांचा मुलगा पुढे काय होणार आहे, हे त्याला प्रवेश देणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असणे शक्य नव्हते.