टाळूमधली शिवण

जिभेचे टोक वरच्या पटाशीच्या दातांच्या मागे टेकवा आणि तसेच मधोमध मागे सरकवत न्या. आधी चार-दोन आडव्या वळ्या लागतील आणि त्यांच्या मागे एक बारीक उभी रेघ. ही रेघ नुसत्या कातडीची नाही. तिच्या वर, हाडात, खरोखरच एक जोड आहे. आपला वरचा जबडा हे एक हाड नसून दोन हाडे आहेत, एक उजवे आणि एक डावे. ती टाळूच्या मधोमध एकमेकांना भिडतात. शाळेच्या प्रयोगशाळेत कवटीची प्रतिकृती असेल तर ती उलटी करून मुलांना ही जोड दाखवता येईल. कवटीच्या डोक्यावरच्या नागमोडी रेषा मुलांनी पाहिलेल्या असतात, टाळूकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आमचेही गेले नव्हते. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी चौतिसाव्या वर्षी वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये बसून या विषयाची पुस्तके चाळायला लागलो. बाईंचा वरचा जबडा खालच्यापेक्षा अरुंद होता. एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेर बसण्याऐवजी आत बसत. घास एकाच बाजूने चावला जाई, त्या बाजूचे दात झिजत चालले होते आणि जबड्याचा सांधा दुखत असे. "लहानपणीच का नाही केले?" हा प्रश्न त्यांना भेटेल त्या प्रत्येकाने विचारला. दुसरा प्रश्न होता, "आता या वयात कशाला?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या शिवणीत आहे.

मुलांसोबत एक गोष्ट करून बघा. दोन्ही तळहात सपाट एकमेकांना टेकवा आणि दूर करा. काहीच जोर लागत नाही. आता दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवा, मुठी आवळा आणि मग हात ओढा. लहान बाळाच्या टाळूतली जोड पहिल्या प्रकारची असते. तिथे दोन हाडांच्या मध्ये मऊ तंतुमय ऊती असते आणि त्या जागी दोन्ही कडांवर नवे हाड बनत जाते. जबडा रुंद होत जातो तो बऱ्याच अंशी असा. वय वाढते तशी ही रेषा नागमोडी होते, हाडांचे दाते एकमेकांत शिरतात आणि पुढे कधीतरी इथे-तिथे हाडाचे पूलच बांधले जातात.

कधी, याला मात्र ठरलेले वय नाही. १९७७ साली पर्सन आणि थिलँडर या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या टाळूंचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना एका १५ वर्षांच्या मुलीत शिवण हाडाने भरू लागलेली आढळली, तर एका २७ वर्षांच्या स्त्रीमध्ये ती मुळीच भरलेली नव्हती. त्यामुळे 'अमुक वर्षांनंतर टाळू रुंदावत नाही' हे पुस्तकातले वाक्य सरासरीचे आहे, समोरच्या माणसाचे नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

मुलांमध्ये ही शिवण नुसत्या स्क्रूने उघडता येते, हे फार पूर्वी लक्षात आले होते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल या दंतवैद्याने १८६० साली साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत दातांच्या आधाराने आडवा स्क्रू बसवला आणि तो रोज घट्ट करत राहायला सांगितले. दोन आठवड्यांत जबडा रुंदावला आणि पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. एंजेलचा निष्कर्ष होता की हाडेच एकमेकांपासून दूर झाली. त्याच्या समव्यवसायींचा यावर विश्वास बसेना. बिचाऱ्याकडे सिद्ध करण्याचे साधनही नव्हते, कारण क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ३५ वर्षे होती. पुढे ही पद्धत मागे पडली. अँड्र्यू हास यांनी डुकरांवर आणि मग मुलांवर तिचा अभ्यास करून १९६१ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे ती पुन्हा रुळली.

मग प्रौढ माणसाच्या टाळूतही तसाच स्क्रू बसवून जास्त जोर का लावू नये? कारण जोर जिथे वाट मिळेल तिथे जातो. शिवण उघडत नसेल तर दात बाहेरच्या बाजूला कलतात. वरवर पाहता कमान रुंद झालेली दिसते, पण हाड होते तिथेच असते. दात आपल्या पातळ हाडी भिंतीतून बाहेर ढकलले जातात आणि हिरडी दातांवरून मागे सरकू लागते. 'शस्त्रक्रियेशिवाय कोणत्याही वयात जबडा रुंद' अशा जाहिराती वाचताना हे आठवावे. २०१० च्या सुमारास कोरियात दातांऐवजी थेट टाळूच्या हाडात बारीक स्क्रू रोवून जोर लावण्याची पद्धत पुढे आली. तिने काही प्रौढांची शिवण शस्त्रक्रियेशिवाय उघडते, काहींची उघडत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला नवी होती. अडथळा एकट्या शिवणीचा नसतो. वरचा जबडा दोन्ही बाजूंनी गालाच्या हाडांना आणि मागे कवटीच्या तळाच्या हाडांना टेकलेला असतो. दाराची कडी काढली तरी चौकटीत फुगून बसलेले दार उघडत नाही, तसेच हे. म्हणून शस्त्रक्रियेत मधली शिवण मोकळी करतात आणि शिवाय दातांच्या मुळांच्या वरून, नाकाच्या बाजूपासून मागपर्यंत, दोन्हीकडे हाड आडवे कापतात. हा काप ज्या रेषेने जातो तिला फ्रान्समधल्या रने ल फोर यांचे नाव आहे. त्यांनी १९०१ साली मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कुठे कुठे तुटतात ते पाहिले आणि तीन ठराविक रेषा वर्णन केल्या. अपघातात जबडा जिथे तुटतो, साधारण तिथेच आज शल्यविशारद तो मुद्दाम कापतात.

असा कापलेला जबडा मरत कसा नाही? त्याचे रक्त तोडले जात नाही का? ही भीती शल्यविशारदांनाही होती. अमेरिकेत विल्यम बेल यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की हाड कापले तरी टाळूची आणि हिरडीची मऊ ऊती जागेवर चिकटलेली असेल, तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या जबड्याला पोसायला पुरतात. साधारण १९७० पासून या शस्त्रक्रिया विश्वासाने होऊ लागल्या, त्यामागे हे काम आहे. सगळे काप ओठाच्या आतून घेतले जातात, चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

बाईंना पूर्ण भूल दिली होती. दोन दिवसांनी घरी सोडले. आम्ही तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो आणि दारातच थबकलो. चेहरा इतका सुजला होता की डोळे बारीक झाले होते. त्यांनी पाटीवर लिहून दाखवले, "आज सगळ्यात जास्त. उद्यापासून उतरेल." डॉक्टरांनी आधीच सांगितले होते म्हणून त्या शांत होत्या. इजा झालेल्या जागी रक्तवाहिन्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, आणि ही सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचते. उशा रचून डोके उंच ठेवून झोपायचे, ते यासाठीच. वरचा जबडा कापताना गालातल्या हाडांच्या पोकळ्या उघडतात. म्हणून काही आठवडे नाक शिंकरायचे नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यायची. नाही तर हवा दाबाने ऊतींमध्ये शिरते.

खाण्याचे हाल मात्र खरे. पहिले काही दिवस भाताची पेज, मुगाच्या वरणाचे गाळलेले पाणी, ताक, नाचणीची आंबील. पुढे मिक्सरमधून काढलेली खिचडी. चावायला बंदी सुमारे सहा आठवडे. एरवी जेवण आपल्याला पुरते ते चावता येते म्हणून, हे अशा वेळी कळते. पातळ पदार्थांत पाणीच जास्त, त्यामुळे पोट भरते पण ऊर्जा कमी पडते, आणि नेमके तेव्हाच हाड बांधायला प्रथिने हवी असतात. बाईंचे वजन चार किलो उतरले. त्यांच्या सासूबाई दर दोन तासांनी वाटी घेऊन उभ्या राहत. पेजेत तूप आणि दुधाची पावडर घालण्याची युक्तीही त्यांचीच. आहारातील ऊर्जा हा धडा शिकवताना हे उदाहरण आम्ही आता वापरतो.

स्क्रू लगेच फिरवत नाहीत. पाच ते सात दिवस थांबतात. या काळात कापलेल्या कडांमध्ये साकळलेल्या रक्ताच्या जागी नव्या रक्तवाहिन्या आणि तंतू येतात. हाड मोडल्यावर जुळून येण्याची ही पहिली पायरी आहे. हे मऊ जाळे तयार झाले की ते हळूहळू ताणायचे. ताणाच्या दिशेने तंतू रांगेत लागतात आणि दोन्ही कडांकडून मध्याकडे नवे हाड भरत येते.

हाड असे ताणून वाढवता येते, हे सायबेरियातल्या कुर्गान गावी गावरिल इलिझारोव यांनी पायाच्या हाडांवर दाखवले. त्यांनी कुत्र्यांवर वेगवेगळ्या वेगांनी प्रयोग केले. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढले तर हाड वेळेआधीच जुळून बसे. दोन मिलिमीटर ओढले तर मधली ऊती नीट बनत नसे. एक मिलिमीटर ठीक, आणि तोही एकदम न ओढता दिवसातून अनेकदा थोडा थोडा ओढला तर उत्तम. टाळूत आकडा थोडा वेगळा, सहसा दिवसाला अर्धा मिलिमीटर, पण तत्त्व तेच.

बाईंच्या स्क्रूचा पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर होता. सकाळी एक आणि संध्याकाळी एक. सहा मिलिमीटर रुंदी हवी तर किती दिवस, हे गणित आठवीच्या वर्गाला घालून बघा. फेरा देण्याचे काम त्यांच्या यजमानांकडे होते. पहिल्या संध्याकाळी त्यांचे हात इतके थरथरत होते की बारीक किल्ली दोनदा जिभेवर पडली. फेरा दिल्यावर दुखत नाही, नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो, असे बाई सांगत. चौथ्या-पाचव्या दिवशी पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसू लागली आणि शेवटी तिच्यात पेन्सिलचे टोक मावेल एवढी झाली. घरी येणारे हळहळत. खरे तर ती फट हीच शिवण उघडल्याची खूण. एंजेलने नेमकी तीच पाहिली होती. पुढे हिरडीतले ताणलेले तंतू दातांना आपोआप जवळ ओढू लागतात आणि उरलेले काम दातांच्या तारा करतात.

बाईंना दुखण्यापेक्षा जास्त त्रास झाला तो बोलण्याचा. व्याकरणाच्या तासाला आपण वर्णांची उच्चारस्थाने शिकवतो: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. टाळूत धातूचे साधन बसले की जिभेला टाळूची जागाच सापडत नाही. ट, ड, ण जड होतात आणि ळ तर जवळजवळ नाहीसाच होतो. 'चमचा' आणि 'चहा' यांतले दोन वेगळे च एकसारखे येऊ लागतात. पुढच्या दातांतल्या फटीतून हवा निसटते, म्हणून स शीळ घातल्यासारखा येतो. सहा आठवड्यांनी शाळेत परतल्यावर बाईंनी पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकले की आपल्याला 'शाळा' आणि 'फळा' म्हणता येत नाही. मग मुलांनीच जिभेखाली आणि टाळूशी बोट लावून कोणता वर्ण कुठे अडतो याची यादी केली. व्याकरणाचा इतका जिवंत तास आमच्या शाळेत त्याआधी झालेला आम्हांला आठवत नाही.

या काळात मन खचते, हेही लिहायला हवे. सूज उतरलेली असते, लोकांना वाटते बरे झाले, आणि माणूस मात्र अर्धपोटी, अपुऱ्या झोपेत, आरशातल्या अनोळखी चेहऱ्याशी जुळवून घेत असतो. तिसऱ्या आठवड्यात बाई आमच्यापाशी रडल्या आणि म्हणाल्या, "उगाच केले का हो मी हे?" आम्ही काय उत्तर देणार! पण ज्यांना हे करायचे आहे त्यांना आधी सांगावे, नंतर नव्हे, असे आम्हांला वाटते.

राहिला प्रश्न बधिरपणाचा. डोळ्याखालून गाल, वरचा ओठ आणि हिरडी यांच्याकडे जाणारी संवेदी चेता या शस्त्रक्रियेत ताणली जाते. चेता फक्त ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संवेदना परततात. आतला तंतू तुटला असेल तर तो नव्याने वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटरच. आधी मुंग्या येतात, मग खाज, मग स्पर्श कळतो. काही जणांचा बारीकसा भाग मात्र कायमचा बधिर राहतो. खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेत हा धोका जास्त, कारण तिथली चेता हाडाच्या आतल्याच बोगद्यातून हनुवटीकडे जाते.

स्क्रू थांबवल्यावर साधन आणखी पाच महिने तसेच ठेवले होते. क्ष-किरण चित्रात सुरुवातीला टाळूच्या मधोमध काळी पट्टी होती. दर भेटीत ती कडांकडून पांढुरकी होत गेली. ती पुरती भरल्यावर साधन काढले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी बाईंचा आम्हांला फोन आला. त्या एकच शब्द म्हणाल्या, "फळा." दाढा आता दोन्ही बाजूंनी जुळतात. वरच्या हिरडीचा रुपयाच्या नाण्याएवढा एक भाग अजून बधिर आहे.