दोन डॉलर आणि नवी कातडी

डोक्यावर गोंड्याची लाल टोपी आणि खेळण्याएवढ्या मोटारीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक भारदस्त गृहस्थ! अमेरिकेतल्या मिरवणुकांत अशा मोटारींची रांग गिरक्या घेत जाते. हे श्राइनर. यांच्या वर्गणीतून बालरुग्णालयांची साखळी उभी राहिली आणि कृत्रिम त्वचेच्या जन्मातही तिचा वाटा आहे, हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः थक्क झाले.

हे मंडळ १८७२ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालं. फ्रीमेसन या बंधुसंघातले काहीजण दुपारी जेवायला एकत्र जमत. त्यांत वॉल्टर फ्लेमिंग नावाचे डॉक्टर होते आणि विल्यम फ्लॉरेन्स हा नटही होता. मेसनांचे विधी भारी गंभीर, म्हणून यांनी मौजमजेसाठी वेगळी चूल मांडली. अरबी थाटाचे पोशाख, बँड, मेजवान्या यांत वर्षं गेली. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपासारख्या संकटात ते मदत धाडत, पण कायमचं असं काम हाती नव्हतं.

ते मिळालं १९२० साली, पोर्टलंडच्या अधिवेशनात. प्रमुख फ्रीलंड केंड्रिक यांनी प्रस्ताव मांडला, की प्रत्येक सदस्याने वर्षाला दोन डॉलर द्यावेत आणि त्यातून अपंग मुलांसाठी मोफत रुग्णालय काढावं. लगेच कुरकुर सुरू झाली. खर्च किती येईल, रुग्णालय कसलं हवं, असे प्रश्न निघाले. प्रस्ताव बारगळणार असं दिसत असताना अटलांटाचे फॉरेस्ट अडेअर उठले. त्यांनी हॉटेलच्या खिडकीतून ऐकू आलेल्या बाजाची हकिकत सांगितली. रस्त्यावर कोणी एकटा वादक बुडबुड्यांवरचं एक लोकप्रिय गाणं वाजवत होता. आपणही इतकी वर्षं पैशाचे बुडबुडेच उडवत आलो, असं ते म्हणाले. आणि पहिलं मूल बरं झालेलं पाहूनही कोणाला आपल्या दोन डॉलरची हळहळ वाटली, तर ते मी माझ्या पदरचे परत करीन! प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

१९२२ साली लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला पहिलं रुग्णालय उघडलं. पहिली रुग्ण होती एक लहान मुलगी. जन्मापासून तिची पावलं इतकी आत वळलेली, की ती तळव्यांऐवजी पावलांच्या पाठीवर चालायला शिकली होती. त्या पाठीवरच्या नाजूक कातडीचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे पोलिओची मुलं आली. १९५५ नंतर लशीमुळे ती ओसरली, तेव्हा मंडळाने आजूबाजूला पाहिलं: भाजलेल्या मुलांना वाली नव्हता. भाजलेल्यांवरच्या खास उपचारांची सोय जवळपास लष्करापुरतीच होती. १९६२ मध्ये निर्णय झाला, १९६६ मध्ये गॅल्व्हेस्टनला आणि १९६८ मध्ये बोस्टनला खास रुग्णालयं उघडली.

बोस्टनला जॉन बर्क हे शल्यचिकित्सक होते. मोठ्या भाजण्यात जीव जातो तो बरेचदा कातडीचं आवरण गेल्यामुळे. अंगातलं पाणी झिरपून जातं, जंतू आत शिरतात आणि रोपण करावं तर अंगावर पुरेशी चांगली कातडी उरलेली नसते. बर्क आणि एमआयटीचे योआनिस यान्नास यांनी गाईच्या अंगातलं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ यांचा सच्छिद्र पापुद्रा बनवला, वर सिलिकॉनचा पातळ थर दिला. जखमेवर तो बसवला की वेलाने मांडवावर चढावं तशा शरीराच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात शिरतात. हा मांडव मात्र हळूहळू विरघळतो आणि त्याच्या जागी माणसाची स्वतःची नवी अंतस्त्वचा तयार होते. मग सिलिकॉन सोलून काढायचं आणि रुग्णाच्याच कातडीचा अगदी पातळ थर वर लावायचा. १९८१ साली त्यांनी हे निष्कर्ष जाहीर केले.

याच मंडळाची दुसरी बाजूही खरी आहे. आपलं नाव आणि पोशाख वापरतात म्हणून गोऱ्यांच्या या मंडळाने कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या श्राइनर मंडळाला कोर्टात खेचलं होतं. १९२९ साली सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांच्या बाजूने निकाल दिला, आणि तो योग्यच होता.

रुग्णालयांतले उपचार मात्र कित्येक दशकं पूर्ण मोफत होते. २००८ च्या मंदीत ठेवी आटल्या आणि नंतर विमा कंपन्यांकडून पैसे घेणं सुरू झालं. ज्यांच्याकडे विमाही नाही आणि पैसेही नाहीत, अशांच्या मुलांवर तिथे आजही उपचार होतात.